उधारीची वही, मागच्या बाजूने

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळच्या गल्लीत
पाच पायऱ्या उतरून आमची भट्टी.
जमिनीत पुरलेला मातीचा रांजण,
त्याच्या पोटात कमरेपर्यंत वाकून पाव भिंतीला थापायचे.
दोन हिवाळे मी तिथे नाझिब्रोलाच्या हाताखाली पीठ मळलं.
पहाटे तीनला ती यायची,
डोक्याला फडकं, खिशात पेन,
आणि पहिलं वाक्य बहुधा वाटेतच जुळलेलं,
कारण ओठ हलत असायचे
आणि थंडीला शिव्या नसायच्या.

पीठ मळून झालं की वर ओलं कापड
आणि मग चाळीस मिनिटं.
पीठ फुगायला लागतात तेवढी.
"आता माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणायची,
"आग लागली तरी."
आग तर लागलेलीच असायची.

पोत्यावर बसून, गुडघ्यावर वही.
वही उधारीची.
पुढून मी लिहायचो: ओतिया, चार पाव. शिंप्याची बायको, दोन.
मागून, वही उलटी धरून, ती.
काय लिहिता, हे विचारायची माझी छाती नव्हती.
एकदा आपणहूनच म्हणाली:
शहरात वीज नव्हती त्या हिवाळ्याचं.
पावासाठी रात्रभर रांग,
जागा जाऊ नये म्हणून तळहातावर शाईने नंबर.
तिचा दोनशे चौदा.
घामाने पुसेल म्हणून मूठ उघडी ठेवून
ती झोपली होती, उभ्या उभ्या.

म्हणून रोज दोनशे चौदा शब्द.
एकही कमी नाही. जास्त झाले तर होऊ देत,
पण ते उद्याच्या हिशेबात धरायचे नाहीत.
"कालचा पाव आज विकतो का आपण?"
विकायचो. निम्म्या किमतीत. मी गप्प बसलो.

भाचा बातुमीहून आला, तिच्या फोनमध्ये
काहीतरी घालून दिलं,
वेळेवर किणकिणणारं, आठवड्याचा आलेख काढणारं.
तिने फोन मिठाच्या डब्यात ठेवून दिला.
तिचं घड्याळ कापडाखाली.
बोटाने पीठ दाबायची,
पडलेला खड्डा सावकाश भरून येऊ लागला
की लिहिणं बंद,
शब्दाच्या मधोमधसुद्धा.
उन्हाळ्यात पीठ पंचवीस मिनिटांत वर यायचं,
त्या दिवसांतली वाक्यं आखूड, धापा टाकणारी.
जानेवारीत तासभर.
जानेवारीतली वाक्यं वळसे घेत, खोकत,
वाटेत कोणाकोणाची विचारपूस करत जायची.

सगळेच दिवस भरले, असं नाही.
मनगट भाजलं तेव्हा डाव्या हाताने करून बघितलं.
मग मला म्हणाली, मी सांगते, तू लिही.
मी पेन उचललं.
मग म्हणाली, राहू दे, तुझं अक्षर उधारीचं आहे.
अकरा दिवसांच्या अकरा रेघा मारल्या.
बाराव्या दिवशी दोनशे चौदा शब्द,
त्यातले साठ नुसते "दुखतंय".

मार्चमध्ये एका पहाटे तिने पान उलटलं
तर समोर माझं अक्षर, पाय वर केलेलं.
ओतिया, सात पाव.
तिचं वाक्य अजून चालू होतं.
रांग हलली होती, दार किलकिलं झालं होतं,
आत कोणीतरी कंदील उचलला होता.
तिने पीठ दाबून पाहिलं.
वेळ होता.
ओतियाच्या सात पावांवर एक रेघ ओढली
आणि त्यांच्यावरूनच पुढे लिहीत गेली.

नेमका त्याच दुपारी ओतिया पैसे घेऊन आला.
टोपी काढली, नाणी मोजून फळीवर मांडली.
"सात ना रे?"
मी वही उघडली. सरळ धरली. उलटी धरली.
आत ती रांजणात वाकली होती, फक्त पाठ दिसत होती.
"नाही," मी म्हटलं,
"तुमचं काही दिसत नाही इथे."